बेलफास्टच्या भिंती: एक पायी टूर, दोन गाइड

पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का कापला ते ओघात येईलच.

मी पेंटर. चित्रकार नव्हे, पेंटर. अडतीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रकच्या फाळक्यांच्या, आणि निवडणुका लागल्या की भिंती. फ्लेक्स आला तसा धंदा बसला, पण खोड गेली नाही. कुठेही गेलो तरी मी आधी भिंती बघतो, माणसं नंतर. मुलगी बेलफास्टला नर्स आहे. जून महिना तिच्याकडे राहायला गेलो, तर पहिल्याच संध्याकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "बाबा, इथल्या भिंतींना कान नाहीत, तोंड आहे. तुम्हाला दाखवते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयर्लंडच्या बेटाची १९२१ मध्ये फाळणी झाली आणि उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. तिथल्या बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्येच राहायचंय. ते युनियनिस्ट, आणि त्यांच्यातले कडवे ते लॉयलिस्ट. बहुतेक कॅथलिकांना आयर्लंड एक व्हायला हवंय. ते नॅशनलिस्ट, आणि त्यांच्यातले कडवे ते रिपब्लिकन. मी मुलीला म्हटलं, म्हणजे राष्ट्रवादी आणि रिपब्लिकन एकाच बाजूला का? या दोघांच्याही भिंती मी रंगवल्यात, कधी कधी एकाच आठवड्यात. असो. साठचं दशक संपता संपता पेटलेलं हे भांडण १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत चाललं आणि त्यात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. पश्चिम बेलफास्टमध्ये फॉल्स रोड कॅथलिकांचा, शँकिल रोड प्रोटेस्टंटांचा. दोन्ही रस्ते जवळजवळ शेजारून जातात आणि मधे भिंत आहे. ही भिंत बघायला जगभरातून लोक येतात, म्हणून टूरवाले पुष्कळ.

सगळ्यात गाजलेली ती काळ्या टॅक्सीची फेरी. सत्तरच्या दशकात दंगलींत बस जाळल्या जाऊ लागल्या आणि या भागातली बससेवा कोलमडली, तेव्हा लोकांनी लंडनच्या जुन्या टॅक्सी आणून शेअरवर चालवल्या. त्याच टॅक्सी आता पाहुण्यांना फिरवतात. मी आधी ती केली. दीड तास, सात-आठ भिंती, ड्रायव्हर मोठा गमत्या. पण काच खाली करून फोटो काढायचा आणि पुढे जायचं, हे मला मानवत नाही. मोठ्या भिंतीपाशी त्याने सगळ्यांच्या हातात मार्कर दिले, सही करा म्हणाला. तिथे हजारो सह्या आहेत, 'लव्ह' आहे, 'पीस' आहे, फुटबॉल क्लबांची नावं आहेत. मी नाही केली. दुसऱ्याच्या भिंतीला विचारल्याशिवाय ब्रश लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. निवडणुकीत तो मोडलाय, खोटं कशाला बोलू.

मग मुलीने ही दुसरी शोधून काढली. पायी, तीन तासांची, माणशी वीस पौंड. हिची खुबी अशी की पहिला अर्धा भाग फॉल्सच्या बाजूचा माणूस दाखवतो, मग भिंतीच्या फाटकाशी तुम्हाला शँकिलच्या माणसाच्या ताब्यात देतो. दोघेही जुने कैदी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. 'दोन गाइडवाली' असं विचारलंत की कळतं.

सुरुवात डिव्हिस टॉवरपासून. वीस मजली राखाडी इमारत, दिसायला अगदी सरकारी. वरचे दोन मजले ब्रिटिश लष्कराने ताब्यात घेतले होते ते थेट २००५ पर्यंत. खाली कुटुंबं राहायची आणि वर दुर्बिणी. याच परिसरात ऑगस्ट १९६९ मध्ये एक नऊ वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळीने मेला.

पहिला गाइड साठी ओलांडलेला, पिंपासारखा, आवाज खर्जातला. उभ्या उभ्या सांगून टाकलं की मी आयआरएमध्ये (रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना) होतो, अकरा वर्षं आत काढली, मी तटस्थ नाही. तटस्थ माणूस हवा असेल तर तो विद्यापीठात मिळेल. मला हे आवडलं. मग हजेरी घेतली. आम्ही अकरा जण. माझ्या मुलीचं नाव 'ह'वरून. यादीत तिचं आडनाव त्याला जमेना, म्हणून विचारलं, "हेच कोण?" ती म्हणाली, "मीच." मला वाटलं, उच्चार चुकला बिचाऱ्याचा. ते लक्षात ठेवा.

त्याची बोली पहिली दहा मिनिटं मला अजिबात कळली नाही. 'नाऊ'चं 'नाय' होतं. मुलगी कानाशी मराठी करत होती. पुढे कान बसला.

डिव्हिस स्ट्रीटवर ती लांबलचक भिंत सुरू होते, जिला सॉलिडॅरिटी वॉल किंवा इंटरनॅशनल वॉल म्हणतात. इथे आयर्लंडपेक्षा बाकीचं जग जास्त आहे. मंडेला आहेत, गुलामगिरीतून निसटलेले अमेरिकन नेते फ्रेडरिक डग्लस आहेत, कारण १८४५ मध्ये ते बेलफास्टला भाषण करायला आले होते. आणि मी गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त भिंत पॅलेस्टाइनने व्यापली होती. शँकिलला गेलात की विजेच्या खांबांवर इस्रायलचे झेंडे दिसतात. दोघांनाही दूरच्या एका भांडणात आपापला आरसा सापडलाय.

पेंटर म्हणून सांगतो, काम कच्चं-पक्कं मिश्र आहे. काही चेहरे चौकटी आखून, माप धरून मोठे केलेत, हनुवटीची सावलीसुद्धा बरोबर. काही ठिकाणी हात छोटे, डोकं मोठं. अक्षरं मात्र जवळपास सगळीकडे भक्कम. आयरिश मजकुरासाठी ते जुन्या पोथीतल्या गोल वळणाचं अक्षर वापरतात, आणि ते ज्याने टाकलं त्याचा हात मला ओळखीचा वाटला; ब्रश उचलताना तो टोकाला किंचित वळवतो, आम्हीही तसंच करायचो.

आमच्या नशिबाने एक माणूस भिंतीवर कामच करत होता. जुन्या चित्रावर रोलरने पांढरा मारत होता. टूर पुढे सरकली, मी मागे थांबलो. मुलीला म्हटलं, विचार, घासून घेतलं का आधी? तो हसला. घासत कोण बसतंय, बाहेरच्या भिंतीचा पांढरा, दोन हात, वाळला की वरून नवीन. मी म्हटलं, पावसात खालचं वर येईल. तो म्हणाला, इथे सदाच पाऊस आहे, आणि खालचं वर येतंच. आमच्याकडे विरोधी पक्षाचं चिन्ह चुन्याने झाकायचो, ते पहिल्या सरीला पुन्हा हजर. त्याला हे मुलीने इंग्रजीतून सांगितलं तर त्याने रोलर बादलीत ठेवला आणि हात पुढे केला. वीस पौंडातले दहा तिथेच वसूल.

याच भिंतीवर २००७ मध्ये पिकासोच्या गेर्निकाची मोठी नक्कल रंगवली गेली होती. रंगवणारे दोघं: डॅनी डेव्हेनी, जे रिपब्लिकन कैदी होते, आणि मार्क अर्विन, ज्यांचे वडील डेव्हिड अर्विन लॉयलिस्टांच्या बाजूचे नेते. मूळ चित्र सगळं काळं-पांढरं-राखाडी. म्हणजे हिरवा, केशरी, लाल, निळा यांपैकी एकाचीही गरज नाही. या गावात रंगाचा डबा उघडला की पक्ष ठरतो. तिथे दोघांनी मिळून करायला याहून सोयीचं चित्र सापडलं नसतं. हे माझं मत, गाइडचं नव्हे.

फॉल्स रोडवर सेव्हास्टोपोल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आयआरएचा कैदी बॉबी सँड्सची भिंत. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: लांब केस, हसरा चेहरा. सिन फेन या रिपब्लिकन पक्षाच्या कार्यालयाची ती बाजूची भिंत. १९८१ मध्ये तुरुंगात उपोषण चालू असताना ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि ६६ व्या दिवशी, ५ मे रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेले. त्यांच्यामागून आणखी नऊ. मागणी अशी की आम्हाला राजकीय कैदी माना, गुन्हेगारांचे कपडे देऊ नका. चित्रावर नावाखाली कवी, आयरिश भाषक, क्रांतिकारक, आयआरए स्वयंसेवक अशी बिरुदं आहेत, आणि आमचा सूड म्हणजे आमच्या मुलांचं हसू असेल अशा अर्थाचं त्यांचं वाक्य. गाइडने सांगितलं की या बाजूच्या भिंती खऱ्या रंगल्या त्या याच उपोषणापासून. त्याआधी १९५४ चा झेंडे आणि चिन्हांचा एक कायदा होता, ज्याच्या आधारे पोलिस तिरंगी काढून न्यायचे. त्यांचा तिरंगी: हिरवा, पांढरा, नारिंगी. आपल्या माणसाचा डोळा दर वेळी दचकतो. नुसता आडवा धरला की आपलाच.

इथेच गाइडने तुरुंगाची माहिती दिली. लाँग केश, असं तो म्हणाला. वरून बघितलं तर प्रत्येक इमारत इंग्रजी एच अक्षरासारखी, दोन उभे बाहू आणि मधे आडवी पट्टी. "हेच-ब्लॉक," तो म्हणाला. पुन्हा हेच. मुलीकडे बघितलं तर ती गालात हसत होती. "नंतर सांगते."

त्यानंतर आम्ही क्लोनार्डच्या गल्ल्यांत शिरलो, आणि एका वळणावर मी थांबलो. भिंतीवर पाटी: बॉम्बे स्ट्रीट. पलीकडची पाटी: कश्मीर रोड. कानपूर आणि लखनौच्या नावाच्याही गल्ल्या आहेत तिथे. साम्राज्याच्या भरभराटीत गिरण्यांच्या कामगारांसाठी घरं बांधली आणि नावं द्यायला जग कमी पडलं नाही. सेव्हास्टोपोल, ओडेसा, बालाक्लाव्हा ही तर क्रिमियाच्या युद्धातली. (पलीकडे शँकिलवर क्रिमिया स्ट्रीट आहे. एकाच युद्धाची नावं दोन्ही बाजूंनी वाटून घेतलीत.)

बॉम्बे स्ट्रीट १५ ऑगस्ट १९६९ ला जाळली गेली. आपण ज्या दिवशी झेंडा लावतो त्या दिवशी. पलीकडून जमाव आला, घरं पेटली, पंधरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला. त्याच दिवशी ब्रिटिश सैन्य बेलफास्टच्या रस्त्यावर उतरलं, आणि पुढे काटेरी तारांच्या जागी भिंत आली. घरं पुन्हा बांधलीत, नीटनेटकी, लाल विटांची. समोर स्मृतिबाग आहे, दगडावर नावं कोरलेली. पण घरांच्या मागे जाऊन बघा. परसदारावर लोखंडी जाळीचे पिंजरे बसवलेत, कारण भिंतीवरून दगड-बाटल्या यायच्या. एका पिंजऱ्याखाली दोरीवर लहान मुलाचे मोजे वाळत होते. गाइड तिथे गप्प उभा राहिला, ते बरं केलं. माझ्या शेजारची एक अमेरिकन बाई म्हणाली की असं काही आपण कधी बघितलं नव्हतं. मला मात्र गच्च्यांना जाळ्या बघायची सवय आहे, त्यामुळे माझ्या पोटात कालवलं ते थोडं उशिरा, जाळी कशासाठी हे दुसऱ्यांदा मनात म्हटल्यावर.

इथून चालत लॅनार्क वेच्या फाटकाशी. दिवसा उघडं असतं, रात्री बंद होतं. एप्रिल २०२१ मध्ये याच रस्त्याच्या शँकिलकडच्या तोंडाशी एक बस पळवून जाळली होती. करार होऊन तेवीस वर्षं झाली होती तेव्हा. २०१३ मध्ये इथल्या सरकारने जाहीर केलं होतं की २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती जातील. गेल्या नाहीत. बर्लिनची भिंत अठ्ठावीस वर्षांत पडली, ही पन्नाशी ओलांडून उभी आहे.

तक्रार इथे. दुसरा गाइड पंचवीस मिनिटं उशिरा आला. फाटकापाशी ना बसायला जागा, ना आडोसा, आणि पाऊस तिरका. पहिला गाइड बिचारा आम्हाला सोडून जाऊ शकेना. त्याची कथा संपलेली, दुसऱ्याची सुरू व्हायची होती, आणि आम्ही दोन्हीच्या मधे भिजत. माफी नाही, कारण नाही. कंपनीला नंतर लिहिलं तर छापील उत्तर आलं. अर्धा तारा इथे गेला.

दुसरा आला तो सडपातळ, टोपीवाला, पंचाहत्तरीचा असावा. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. पहिल्याने यादीचा कागद त्याच्या हातात दिला, आमच्याकडे बोट फिरवून मोजलं, "नऊ उरलेत, बघून घे." शाळेची सहल एका मास्तरांनी दुसऱ्यांच्या हवाली करावी तशी. मग पहिला गाइड फाटकातून परत गेला. तो एकदाही पलीकडे आला नाही, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

नव्याने पुन्हा हजेरी घेतली. मुलीच्या नावाशी अडखळला. "एच कोण?"

तेव्हा तिने मला सांगितलं. इथे कॅथलिक माणूस या अक्षराला 'हेच' म्हणतो आणि प्रोटेस्टंट 'एच'. शाळा वेगळ्या, त्यामुळे मुळाक्षरंही वेगळी. गोऱ्या माणसांत कोण कुठला हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून नाव, शाळा, आणि हे अक्षर. तिच्या वॉर्डात एक मलयाळी सिस्टर आहे, ती लहानपणापासून 'हेच' म्हणते. फॉल्सकडच्या म्हाताऱ्या पेशंटांची ती फार लाडकी. मी आयुष्यात किती वेळा एच काढलं असेल. हॉटेल, हार्डवेअर, हॉस्पिटल. दोन उभ्या, एक आडवी, सगळ्यात सोपं अक्षर. त्याला बाजू असते हे कळायला साठी ओलांडावी लागली.

दुसरा गाइड तुरुंगाबद्दल बोलला तेव्हा नावही बदललं होतं. तुरुंग तोच, पण आता तो 'द मेझ', आणि इमारती 'एच-ब्लॉक'. तोही तिथेच होता, यूव्हीएफ या लॉयलिस्ट सशस्त्र संघटनेचा म्हणून. कमी बोलणारा माणूस. हातात छत्री असून उघडली नाही.

कपर वेवरून शँकिलच्या बाजूने ती भिंत बघताना तिचे थर दिसतात: खाली काँक्रीट, त्यावर पत्रा, त्यावर जाळी. प्रत्येक थर वेगळ्या काळातला. सह्यांची भिंत हीच. मग लोअर शँकिलची वसाहत. मोकळं गवत, मधे मधे घरांच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या शेवटच्या बिनखिडकीच्या भिंतीवर एक चित्र. पांढऱ्या घोड्यावर राजा विल्यम, ज्याने १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. ही परंपरा जुनी. असं पहिलं भित्तिचित्र १९०८ मध्ये पूर्व बेलफास्टच्या बीअर्सब्रिज रोडवर रंगवलं गेलं असं मानतात. घोड्याचे मागचे पाय फसलेत. घोडा हा पेंटरचा शत्रू आहे. शिवजयंतीच्या कमानी रंगवताना मीही मागचे पाय धुरळ्यात लपवायचो. इथे नदी आहे, तिचं पाणी वापरता आलं असतं.

आम्ही गेलो तेव्हा बॉइनच्या विजयासाठी निघणाऱ्या १२ जुलैच्या मिरवणुकांची तयारी चालू होती. रस्त्याच्या कडेचे दगड लाल-पांढरे-निळे, दोन घरांमध्ये पताका, आणि मैदानात लाकडी पॅलेटांचा ढीग, ११ तारखेच्या रात्री पेटवायला. दरवर्षी काही ठिकाणी वर आयर्लंडचा झेंडाही ठेवतात. गाइडने हे सांगताना आवाज बदलला नाही.

क्रिमिया स्ट्रीटवर राणी एलिझाबेथ. २०२२ मध्ये ती गेली तेव्हा लोकांनी इथे फुलं आणून ठेवली होती. एका गल्लीत बॉबी सँड्स आणि एका गल्लीत राणी, आणि दोन्ही पाट्यांवर क्रिमियाचं युद्ध. १९१६ चंही तसंच. फॉल्सवर १९१६ म्हणजे ब्रिटिशांविरुद्धचा डब्लिनचा ईस्टर उठाव. शँकिलवर १९१६ म्हणजे पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई, जिथे १ जुलैला छत्तिसाव्या अल्स्टर डिव्हिजनची (अल्स्टर म्हणजे बेटाचा उत्तरेचा प्रांत) पोरं हजारोंनी पडली. तिकडे छातीवर ईस्टर लिलीचं फूल, इकडे पॉपीचं. तांबड्या पंज्याचं चिन्ह मात्र दोघांचंही. जुनी गोष्ट अशी की किनाऱ्याला ज्याचा हात आधी लागेल त्याचं राज्य, म्हणून एकाने स्वतःचा हात तोडून फेकला. कू हुलन नावाच्या पुराणातल्या वीराला तर रिपब्लिकनांनी ईस्टर उठावाशी जोडला आणि लॉयलिस्टांनी पूर्व बेलफास्टमध्ये अल्स्टरचा रक्षक म्हणून रंगवला. मरताना तो उभा राहावा म्हणून स्वतःला दगडाला बांधून घेतो. एवढं चांगलं चित्र कोण सोडणार?

मला सगळ्यात वाईट वाटलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. शँकिलवरच्या कित्येक नव्या भिंती रंगवलेल्याच नाहीत. कॉम्प्युटरवर केलेलं चित्र, पत्र्यावर छापलेलं, भिंतीवर स्क्रूने ठोकलेलं. फ्लेक्स इथेही पोचलाय. गाइड म्हणाला, टिकतात जास्त, पावसाने जात नाहीत. बरोबर आहे. पण बुरखेधाऱ्यांचे चेहरेसुद्धा अशा फलकावर बुळबुळीत दिसतात. त्याने मोबाइलवर जुन्या एका भिंतीचा फोटो दाखवला, बुरखाधारी आणि बंदूक. 'बेलफास्टची मोनालिसा' म्हणायचे तिला, कारण कुठेही उभं राहा, नळी तुमच्याकडेच. त्यात जादू काही नाही. नळीचं तोंड बरोबर गोल काढलं, बाजू दाखवलीच नाही, की ती सगळ्यांकडेच बघते. देवीचे डोळे रंगवताना हीच युक्ती.

२००६ मध्ये इथल्या आर्ट्स कौन्सिलने ३३ लाख पौंडांची एक योजना आणली, बंदुकांची चित्रं काढून दुसरं काही रंगवायची. सँडी रो भागातला बुरखेधारी २०१२ मध्ये गेला आणि त्या जागी राजा विल्यम आला. बंदूक गेली, बाजू राहिली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी ही टूर टॅक्सीपेक्षा वर ठेवतो. शँकिल रोडवर गाइड एका जागी थांबला आणि पहिल्यांदा सलग बोलला. २३ ऑक्टोबर १९९३, शनिवार, मासळीचं दुकान, गर्दीची वेळ. आयआरएचा बॉम्ब वेळेआधी फुटला. दहा माणसं मेली, त्यांत बॉम्ब आणणारा एक, बाकी नऊ साधी माणसं, मुलंही. पहिल्या गाइडने दीड तासात या दिवसाचा उल्लेख केला नव्हता. उलट त्याने डिव्हिसपाशी उभं राहून उत्तरेकडे बोट दाखवून सांगितलं होतं की तिथे ४ डिसेंबर १९७१ ला मॅगर्कच्या बारमध्ये यूव्हीएफच्या बॉम्बने पंधरा माणसं गेली. मी मुलीला म्हटलं, विचार यांना त्याबद्दल. तिने जरा बिचकत विचारलं. त्याने ऐकून घेतलं, टोपी सारखी केली, आणि दुसरी एक तारीख सांगितली. मी एक तारीख दिली, त्याने एक दिली. तिसरी मी विचारली नाही.

टॅक्सीचा ड्रायव्हर दोन्ही तारखा सांगतो, एकाच आवाजात, पाठ केलेल्या. या दोघांनी प्रत्येकी निम्म्या गाळल्या, आणि काय गाळलं ते दुसऱ्याच्या गल्लीत जाऊनच कळतं. म्हणून ही टूर अर्धी करू नका. आमच्यातलं एक जर्मन जोडपं फाटकाशी पावसाला कंटाळून निघून गेलं. त्यांच्या डोक्यात बेलफास्ट आता कायमचं फॉल्स रोडएवढं राहणार.

उरलेला अर्धा तारा: पूर्व बेलफास्ट यात नाही, शहराच्या मध्यभागी रंगलेली नवी, कोणत्याच बाजूची नसलेली चित्रं यात नाहीत. ती मुलीने दुसऱ्या दिवशी दाखवली. तिथला एक मोठा मासा फार सुंदर होता.

बूट पाणी न शिरणारे घाला. वाटेत स्वच्छतागृह फॉल्सवर एकदाच मिळतं. चित्रांसमोर फोटो काढा, पण लोकांच्या खिडक्यांचे काढू नका. शँकिलवर एका बाईने पडदा ओढून घेतला तेव्हा मला माझीच लाज वाटली.

बुकिंग फोनवर होतं. माझी मेहुणी ऑगस्टमध्ये येणार आहे, तिच्यासाठी मुलीने परवा फोन केला. पलीकडून नावाचं स्पेलिंग विचारलं. मी स्वयंपाकघरात होतो. ती पहिल्या अक्षराशी थांबली, मग म्हणाली, "हॉटेलमधलं पहिलं अक्षर असतं ना, ते."